कोंबड्या आत, लॉरेटा बाहेर

टॅन्सल ओढ्यावरचा पूल ‘डागडुजीसाठी तात्पुरता बंद’ आहे. तसा फलक लागून इतकी वर्षं झाली, की आता फलकालाच डागडुजी हवी आहे. पलीकडच्या दवाखान्यात लॉरेटा हॅस्किन्सच्या नवऱ्याचं, व्हर्नचं, डायलिसिस असतं. वीस मैलांचा वळसा. परतताना बिचारा गाडीतच गळून जातो. आमदार ड्वेन प्रुएट म्हणतात, पुलाचा अभ्यास चालू आहे.

शेवटी अग्निशामक दलाच्या वार्षिक न्याहारीला लॉरेटानं पॅनकेकची बशी आदळली. “ड्वेन, पुरे झाला तुझा अभ्यास! यंदा तुझ्याविरुद्ध मी उभी राहणार!”

“अवश्य, लॉरेटाबाई,” सिरप ओतत प्रुएट म्हणाले. “लोकशाही आहे.”

उमेदवार मतदारसंघातलाच रहिवासी हवा, असा नियम आहे. महिन्याभरात सरकारी हद्द समितीनं लोकसंख्येच्या समतोलार्थ मतदारसंघाच्या हद्दींची फेररचना केली. नवी रेघ महामार्गावरून सरळ आली, लॉरेटाच्या कुंपणाशी वळली आणि घर व खुराडं यांच्या मधून निघून गेली. कोंबड्या मतदारसंघात राहिल्या, लॉरेटा बाहेर.

लॉरेटा बहिणीकडे राहायला गेली. रेघही मागोमाग गेली. मग मात्र बाई इरेला पेटली. व्हर्नला घेऊन तिनं चाकांवरचं घर थेट प्रुएट यांच्या दाराशी आणून उभं केलं आणि ओरडली, “आता काढ बघू बाहेर!”

हद्द समितीनं काढलं. त्या भरात प्रुएट यांचं घरही बाहेर गेलं. आत उरलं त्यांचं गॅरेज. यात राजकीय हेतू नाही, असं सचिवांनी गंभीरपणे सांगितलं. तेव्हापासून आमदार गॅरेजात झोपतात. बायको, शार्लीन, खिडकीतून हाका मारते, “अहो आमदार, हद्द ओलांडून या, मीटलोफ गार होतोय!”

मतपत्रिकेवर एकच नाव होतं. अटीतटीची लढत वगैरे काही न होता प्रुएट निवडून आले.

दुसऱ्या दिवशी गावातल्या खानावळीत सगळे चवताळले होते. “ही काय हुकूमशाही आहे?” “लाज कशी वाटत नाही मेल्यांना?”

“शुक्रवारी हद्दींच्या पुढच्या नकाशाची जाहीर सुनावणी आहे,” लॉरेटा म्हणाली. “चला सगळे.”

सगळे आपापल्या कॉफीत बघू लागले. सुनावणी ओढ्यापलीकडे. पूल बंद, एवढा वळसा घालणार कोण? शिवाय शुक्रवारी शाळेची फुटबॉल मॅच.

मीच तिची समजूत घातली. “जाऊ दे ग, लॉरेटा. सगळ्यांनाच छळतात असं नाही. माझ्या घराकडे तर ती रेघ कधी फिरकलीसुद्धा नाही.”

तिनं व्हर्नला हात धरून उठवलं.

“नाहीच फिरकणार,” ती म्हणाली. “तुझी भीती कुणाला आहे?”