रुंदीप्रमाणे ज्येष्ठता

बसवनगुडीत राहणाऱ्या श्रीकांतच्या मोटरसायकलचा मागचा टायर एकशे तीस मिलिमीटर रुंद होता आणि त्याबद्दल कुणाचीही तक्रार नव्हती. गाडी क्रूझर होती, म्हणजे पाय पुढे पसरून, कसलीच घाई नसल्याच्या थाटात चालवायची. श्रीकांत एका विमा कंपनीत अधिकारी होता. आठवडाभर तो मेट्रोने ऑफिसला जाई आणि रविवारी सकाळी बायकोला, वीणाला, मागे बसवून देवनहळ्ळीला सासूबाईंकडे जाई. वीणाचा एक हात त्याच्या खांद्यावर असे आणि मांडीवर आईसाठी घेतलेला डबा. गाडी घेतली होती ती याचसाठी. हेब्बाळचा पूल मागे पडला की ती काहीतरी गुणगुणायची आणि ते ऐकू यावं म्हणून श्रीकांत वेग कमी करायचा. आठवड्यातलं सगळ्यात मोठं सुख ते, आणि त्याला ते पुरत होतं.

एखाद्याला आहे ते पुरतंय असं दिसलं की कुणीतरी त्याला सभासद करून घेतं. श्रीकांतला बसवनगुडी मराठी क्रूझर बांधव संघाने करून घेतलं. संघाचे अध्यक्ष मल्हारराव हे निवृत्त सरकारी अधिकारी होते. नोकरीत असताना त्यांनी हाताखालच्या माणसांच्या ज्येष्ठता लावल्या होत्या. निवृत्तीनंतर घरातलं कुणी ज्येष्ठता लावून घेईना, तेव्हा त्यांनी मोटरसायकली हाती घेतल्या.

संघाची रविवारची फेरीही देवनहळ्ळीलाच जाई, किल्ल्याजवळच्या एका हॉटेलात इडली-वडा खायला. ताफ्यात कुणी कुठे असावं याचा नियम स्वच्छ होता: ज्याचा मागचा टायर अधिक रुंद, तो पुढे. कारणही रास्त होतं. मागून येणाऱ्याला पुढच्याचा टायरच दिसतो, आणि अरुंद टायर सतत नजरेसमोर राहिल्यास सभासदांचं मनोधैर्य खचतं. आपल्याहून रुंद टायरला ओलांडून पुढे जाणं हा शिस्तभंग मानला जाई.

त्यामुळे श्रीकांत-वीणाची गाडी सगळ्यात शेवटी. सगळ्यांचा धूर खात ते हॉटेलात पोचत तेव्हा वडे संपलेले असत आणि चटणीत पाणी वाढलेलं असे.

"श्रीकांतअण्णा, वाईट वाटून घेऊ नका," मल्हारराव दात कोरत म्हणाले. "तुमचं चालवणं एक नंबर. पण चालवणं मागून दिसत नाही की हो."

"वडे आईकडे पण मिळतात," वीणा म्हणाली. "तिथंच जाऊया की आपण सरळ."

पण मल्हाररावांचं वाक्य श्रीकांतच्या कानात गेलं होतं आणि बायकोचं बोलणं आत शिरायला तिथे जागा उरली नव्हती.

संघाच्याच शिफारशीवरून तो प्रणीतकडे गेला. प्रणीत पुण्याहून इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला आलेला, आणि सुट्टीच्या दिवशी मोटरसायकली बदलून देणारा स्टुडिओ चालवी. त्याला कुणी गॅरेज म्हटलेलं खपत नसे. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि जवळचं कुणी गेल्यासारखा चेहरा केला.

"सर, बेसिकली तुमच्या बाइकला प्रेझेन्सच नाहीये."

"चालते चांगली," श्रीकांत म्हणाला.

"चालणं हा मिनिमम क्रायटेरिया झाला, सर."

"पण गाडीच्या पुस्तकात तर याच मापाचा टायर घाला म्हणून छापलंय."

"ते कंपनी सगळ्यांसाठी छापते, सर. तुम्ही सगळ्यांसारखे आहात का?"

या प्रश्नाला हो म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. दीडशेचा टायर बसला. बसला म्हणजे जवळपास बसला. डाव्या बाजूला साडी-गार्डच्या दांडीला घासू लागला.

"मागे साडी नेसून किती जण बसतात?" प्रणीतने विचारलं.

"एकच. बायको."

"म्हणजे युजर बेस तसा लो आहे," प्रणीत म्हणाला आणि साडी-गार्ड काढून ठेवलं.

"सरी, सलवार-कमीज घालते," वीणा म्हणाली. सरी म्हणजे कानडीत 'बरं'. श्रीकांत ताफ्याच्या मध्यावर आला. त्या रविवारी त्याला अर्धा वडा मिळाला, आणि तो अर्धा वडा त्याने असा काही खाल्ला की जणू बढती मिळाली.

पण मध्यावर आलेल्या माणसाला पुढचे दिसू लागतात. तो पुन्हा प्रणीतकडे गेला. एकशे ऐंशीच्या टायरला जुनी रिम अरुंद पडली, म्हणून रिम बदलली. रिम बदलली तशी चेन टायरला घासू लागली, म्हणून चेन बाहेर सरकवली. तरीही टायर वर मडगार्डला टेकू लागला, म्हणून मडगार्ड कापलं. आता रस्त्यावरचं सगळं पाणी आणि चिखल थेट वीणाच्या पाठीवर येऊ लागला. ती भर उन्हात रेनकोट घालून माहेरी जाऊ लागली. तिची आई, कस्तुराबाई, दारात उभी राहून लेकीकडे बघे आणि जावयाला म्हणे, "बसा." जास्त काही म्हणत नसे.

"स्वल्प अॅडजस्ट करायचं," श्रीकांत वीणाला म्हणाला. या कानडी शहरात एवढं म्हटलं की काहीही कुठेही बसवता येतं. फक्त ते म्हणणारा माणूस स्वतः कधी सरकत नाही, आणि श्रीकांतही सरकला नाही.

एव्हाना इतर बांधवही स्वस्थ नव्हते. कुणी एकशे नव्वद घातला, कुणी दोनशे. श्रीकांत चौथ्या नंबरवर घसरला. अपमान सहन न होऊन तो प्रणीतकडे गेला आणि सर्वांत मोठा कोणता, असं विचारता झाला.

"दोनशे चाळीस," प्रणीत आवाज खाली आणून म्हणाला. "पण मागची फ्रेम कट करावी लागेल. सिंगल सीट. एकदम क्लीन लुक."

"मागे बायको बसते पण."

"सर, राग मानू नका. मॅडम बसल्या की ड्रेस खाली येतो, बॅग येते, टायर झाकला जातो. तुम्ही इतका खर्च करणार आणि लोकांना दिसणार काय, तर मॅडम."

मुद्दा बिनतोड होता. श्रीकांतने तो घरी जसाच्या तसा मांडला नाही. तेवढी लाज त्याच्यात शिल्लक होती. त्याने फक्त मागची सीट थोडे दिवस नसेल, असं सांगितलं.

वीणा फुलं निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "अहो, चालवताना तुम्हाला दिसतो का तो टायर?"

"नाही."

"मला पण कधी दिसला नाही. आपण दोघं त्याच्यावरच तर बसलो होतो." तिने देठं बाजूला केली. "सरी. मी स्कूटरने जाते आईकडे."

श्रीकांतला वाटलं, उठावं आणि प्रणीतला फोन करून सगळं रद्द करावं. अगदी आतून वाटलं. पण सामान मागवून झालं होतं आणि मल्हाररावांनी त्याला ताफाप्रमुख घोषित करण्याचं परिपत्रकही काढलं होतं. परिपत्रक निघाल्यावर आतून काही वाटण्याची मुदत संपते.

दोनशे चाळीसचा टायर बसला आणि गाडी वळेनाशी झाली. मोटरसायकल वळायची तर कलावी लागते, आणि हा टायर जात्यासारखा सपाट. गांधी बाजारच्या कोपऱ्यावर श्रीकांत उजवीकडे वळायला गेला आणि समोरच्या फुलवालीच्या शेवंतीत घुसून थांबला. प्रणीत म्हणाला, "वळण हा रोडचा इश्यू आहे, सर." घरासमोर गाडीचं तोंड फिरवायला चार शेजारी लागत, दोघं मागून उचलत, दोघं सल्ला देत. संघाने यावर तातडीची बैठक घेतली आणि खुलासा काढला की ताफाप्रमुखाने वळणे अपेक्षित नाही. ताफ्याने त्यास अनुसरणे अपेक्षित आहे.

मग तो रविवार उजाडला. सगळ्यांत पुढे श्रीकांत, मागे रुंदीच्या उतरत्या क्रमाने अवघा संघ. सिग्नलला गाड्या थांबत तेव्हा बसमधली माणसं वाकून बघत. कारवाले काचा खाली करून फोटो काढत. श्रीकांत ताठ बसला होता. खांद्यावर मात्र थंडी वाजत होती, नेमकी एका हाताएवढ्या जागेत. हेब्बाळचा पूल गेला आणि सवयीने त्याने वेग कमी केला. मागचे हॉर्न वाजवू लागले. ऐकण्यासारखं काही नाही हे लक्षात यायला त्याला थोडा वेळ लागला, आणि लक्षात आल्यावर त्याने वेग वाढवला.

देवनहळ्ळीला किल्ल्याकडे जायचं डावं वळण आलं. श्रीकांतने सगळा जोर लावला. गाडी सरळ गेली. मागे दोनशेवाला बांधव होता; त्याला वळता आलं असतं, पण ताफ्याला सोडून वळणं त्याच्या निष्ठेत बसत नव्हतं. तोही सरळ गेला. एकामागून एक सगळे सरळ गेले. हॉटेलच्या पायरीवरचा वेटर हातात वड्यांची परात घेऊन बघत राहिला.

आरशात श्रीकांतला एक स्कूटर दिसली. तिने डावीकडचा दिवा लावला, हळूच कलली आणि वळली. पुढे हुकाला डबा लटकत होता. तो डबा त्याच्या ओळखीचा होता. वळणानंतर आरसा रिकामा झाला, आणि बाकीचा संघ त्यात भरला.

रस्ता प्लॉट पाडलेल्या एका नव्या लेआउटच्या कमानीत जाऊन संपला. तिथे कालपर्यंत द्राक्षं होती. कमानीखाली टाय घातलेला एक माणूस गुलाबी सरबताचे पेले घेऊन उभा होता. इतकं गिऱ्हाईक एकदम आलेलं पाहून त्याला भरून आलं. मल्हाररावांनी सरबत पिऊन भाषण केलं. आजची फेरी नियोजनाप्रमाणे झाली, ते हॉटेल वळणावर असल्यामुळे संघाच्या यादीतून वगळण्यात येत आहे, आणि ताफाप्रमुखाने दाखवलेली दिशा हीच संघाची दिशा. तिघांनी तिथल्या तिथे प्लॉटसाठी विसार दिला. रस्ते सरळ होते.

श्रीकांत बाजूला उभा होता. सासूबाईंचं घर तिथून दिसतही नव्हतं. गाडीचं तोंड फिरवायला त्याला कुणीतरी हवं होतं, पण सगळे त्याच्या टायरसोबत फोटो काढण्यात गुंतले होते.

आता तुम्ही हसाल, की काय मूर्ख माणूस. हसा. पण त्या सकाळी सिग्नलला तुम्हीही होतात. तुम्हीच काच खाली केलीत, अंगठा वर करून दाखवलात, शेजारी बसलेल्या बायकोला म्हणालात, "बघ, काय गाडी आहे." त्या बिचाऱ्याला त्याचा टायर कधीच दिसत नव्हता, तो त्याने तुमच्यासाठी घातला होता. तुम्ही टायर बघितलात. वर मागची सीट नव्हती, ते तुमच्या बायकोने बघितलं, आणि ती काहीतरी म्हणालीसुद्धा. काय म्हणाली, ते आठवतंय का बघा.