हाडं भक्कम आहेत

माणसाला घरात राहून कंटाळा येतो आणि घर सोडून राहवत नाही. या दोन सनातन सत्यांना एकाच आकड्याने जोडून अमेरिकेने कॅम्पिंगचा ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे आकड्याला अडकवून ओढायची चाकांवरची खोली, निर्माण केला. त्यातही नवा ट्रेलर घेणं ही नुसती खरेदी झाली. साठ-सत्तर वर्षांचा, छोटा, गोलसर पाठीचा जुना ट्रेलर घेणं हा संस्कार आहे. (खरेदी एका दुपारी उरकते. संस्काराला निदान तीन उन्हाळे द्यावे लागतात.)

विस्कॉन्सिनच्या उत्तरेत राहणारा ड्वेन हाल्वर्सन या संस्काराला जन्मजात पात्र होता. चीजच्या कारखान्यात त्याने उभी हयात तपासनीस म्हणून काढली होती. ठोकून, टोचून, हुंगून बुरशी पकडायची आणि माल नापास करायचा, हे त्याचं काम. आयुष्यात तपासणी न करता त्याने एकच गोष्ट पसंत केली होती, ती म्हणजे बायको मार्लिस. आणि तेही नाचाच्या कार्यक्रमात उजेड कमी होता म्हणून, असं तीच सांगे.

मागणी मार्लिसची होती. लग्नानंतर दोघं समुद्राएवढ्या थोरल्या तळ्याच्या काठी तंबूत राहिले होते. पहाटे लाटांच्या आवाजाने जाग येण्याचं ते सुख तिला पुन्हा एकदा हवं होतं. पण आता ती जमिनीवर झोपली, तर उठवायला चार माणसं बोलवावी लागली असती.

"मला जमिनीपासून दोन वीत वर एक गादी हवी, अन् वर छप्पर," ती म्हणाली. "गुडघे थोडेफार चालतायत तोवर जाऊन येऊ रे."

इतकी साधी मागणी ऐकून कुठलाही जबाबदार नवरा गांगरेल. ड्वेन तडक जुने ट्रेलर जतन मंडळाचा सभासद झाला.

मंडळाने त्याला प्रथम भाषा शिकवली. विक्रेता 'मूळ अवस्थेत' म्हणाला, की समजावं आजवर कुणी खिळासुद्धा मारलेला नाही. 'नव्याने सजवलेला' म्हणजे कुजकं लाकूड, पण पिवळ्या रंगात. 'थोडं काम आहे' म्हणजे दार नाही. आणि 'हाडं भक्कम आहेत' म्हणजे हाडांखेरीज काहीच उरलेलं नाही. हे शेवटचं वाक्य सर्वांत आदराचं समजलं जातं आणि ते उच्चारताना सभासद टोपी काढतात.

मग अंगठा. ट्रेलरच्या आतल्या कोपऱ्यात अंगठा दाबायचा. तो आत गेला तर भिंत पाण्याने कुजलेली. ड्वेनचा अंगठा कारखान्यात तयार झालेला. पहिल्या उन्हाळ्यात तो जिथे जिथे दाबला, तिथे तिथे आत गेला. एका ठिकाणी गेला नाही, तेव्हा ड्वेनचा संशय अधिकच वाढला आणि त्याने तो ट्रेलरही सोडला.

"अरे, मला त्यात झोपायचंय," मार्लिस म्हणाली. "तो चाखायचा नाहीये."

दुसरा उन्हाळा वजनाच्या अभ्यासात गेला. लहान ट्रेलर हलका असतो, हा सामान्य जनांचा गैरसमज आहे, असं मंडळाचे अध्यक्ष हार्लन ब्रोकमन यांनी पटवून दिलं. हलक्या ट्रेलरसाठी ड्वेनने दणकट ट्रक घेतला. ट्रक गॅरेजमध्ये मावेना, म्हणून गॅरेज वाढवलं. त्यासाठी अंगणातलं सफरचंदाचं झाड गेलं. थंडीत मार्लिसची छोटी मोटार बाहेर बर्फात उभी राहू लागली. अशा रीतीने ट्रेलर येण्यापूर्वीच अर्धं घर उघड्यावर राहायला शिकलं.

मंडळाचा मेळावाही त्याच वर्षी झाला. सभासदांनी आपापले ट्रेलर धुळीच्या भीतीने दुसऱ्या गाडीवर लादून, ताडपत्रीत गुंडाळून आणले होते. आत गोधडी, मेणाची फळं आणि 'कृपया बसू नये' अशी पाटी. सभासद मोटेलमध्ये झोपले. मंडळाच्या पाहणीनुसार दहापैकी नऊ सभासद आपल्या ट्रेलरमध्ये कधीच झोपलेले नाहीत. (दहावा झोपला होता, पण तो बायकोशी भांडण झालं म्हणून, आणि अंगणातच.)

तिसऱ्या उन्हाळ्यात मार्लिसचा डावा गुडघा सुजला. त्याच आठवड्यात शेजारच्या इर्मा कुबियाकने आपला जुना ट्रेलर विकायला काढला. त्यात काही वर्षं कोंबड्या होत्या, मग भोपळे. मार्लिस पायरी चढून आत गेली, बाकावर आडवी झाली, आणि कुणाचा हात न धरता उठून बसली.

"घेतला," ती म्हणाली.

ड्वेनने अंगठा दाबला. तो मुळापर्यंत गेला. "मार्लिस, या सगळ्या भिंती उतरवाव्या लागतील. पुढच्या वसंतापर्यंत..."

"अंगठा काढ अन् आकडा लाव."

हार्लन धावत आला. खिडकीची कडी त्याने रुमालाने हळूच पुसली. "ड्वेन, ही कडी राज्यात दुसरीकडे कुठे नाही रे! हा हलवायचा नाही. हाडं भक्कम आहेत!" त्याने टोपी काढली. ड्वेननेही काढली. इर्माने दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण गेलं?"

ट्रेलर हलवावा की न हलवावा, यावर शुक्रवारी मंडळाची तातडीची सभा भरली. तळलेले मासे संपेपर्यंत चर्चा चालली आणि न हलवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. हार्लनच्या मोटारीतून ड्वेन घरी परतला, तेव्हा ट्रक नव्हता, ट्रेलर नव्हता आणि मार्लिसही नव्हती. त्याने फोन लावला.

"कुठे आहेस?"

"तळ्यावर. इर्मा आहे सोबत."

"पाऊस आहे?"

"मस्त आहे."

"गळतोय?"

"गळतोय ना. पातेलं ठेवलंय खाली." ती हसली. असं हसताना त्याने तिला फार दिवसांत ऐकलं नव्हतं. तिच्यामागे लाटांचा आवाज येत होता. आपण तिथे असायला हवं होतं, हे त्याला स्वच्छ कळलं. मार्लिसची छोटी मोटार दारातच उभी होती. बोलावं, 'येतो गं' म्हणावं, म्हणून त्याने तोंड उघडलं.

"मार्लिस, दाराच्या आत एक पत्र्याची पट्टी असेल. तिच्यावर साल काय कोरलंय, बघतेस का जरा?"

पलीकडे एक लाट फुटली. मग फोन बंद झाला.

ही हकीकत मी आजवर अनेकांना सांगितली आहे. मार्लिसला त्या रात्री झोप कशी लागली, सकाळी जाग कशाने आली, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. सगळे एकच विचारतात: कोणत्या कंपनीचा होता हो, आणि केवढ्याला पडला? तुमच्याही ओठांवर तेच असेल, तर संकोच करू नका. मंडळात जागा आहेत. येताना अंगठा घेऊन या.