कोनाले इचारून?

दोन हजार तेवीस साल. मी बाहत्तर वर्षांचा. त्या साली शेजारच्या देवानंदनं माह्या मिशीवर हरकत घेतली.

"मामा, डावं टोक आखूड झालं. कोनाले इचारून?"

जवानीपासून राखलेली मिशी. ती पाहून पोलीसपाटील बाजेवरून उठे. अन् हे पोरगं मले जाब मांगते!

"कातरी सरकली रे."

"मंग तसं सांगत जा ना. न सांगता बदल करू नये."

मी चौथी शिकलेला, पन त्याचं काम मले समजलं होतं. परदेशातल्या कोन्या ब्यांकेचा राक्षसासारखा कॉम्पुटर, मेनफ्रेम म्हनते त्याले. त्यातले प्रोग्राम कोनी गुपचूप बदलते का, हे देवानंद आमच्या जऊळका गावात घरी बसून पाह्यचा. मंजूर झालेला प्रोग्राम एका बाजूले, चालू असलेला दुसऱ्या बाजूले. एक टिंब हललं का हा फोन लावे. बदलनाऱ्याजवळ मंजुरी असली, का प्रकरन बंद. नसली, का बोंब.

तीच बोंब गावातही. विहारातली सतरंजी आडवीची उभी झाली, का हा दारात कंबरेवर हात ठेवून हजर. स्टेशनाजवळच्या रहीमभाईच्या चहात एकदा सुंठ पडली.

"रहीमभाई, हे कोनी मंजूर केलं?"

"माह्या बायकोनं, साहेब."

"मंग ठीक आहे," म्हने, अन् गपगुमान प्याला. मंजुरी म्हनली का याची तलवार म्यान.

त्याची बायको सुनंदा पदर तोंडाले लावून हासे. "मामा, मी बांगड्या बदलल्या तरी यांले मंजुरी लागते!"

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात सुनंदा गेली. पोटाचं दुखनं. डॉक्टरनं पाह्यलं तवा हातात काई राह्यलं नव्हतं. पुण्यानुमोदन झालं, पाहुने गेले, देवानंदनं नोकरी सोडली. अन् त्याचं इचारनंच बंद झालं. सतरंजी उलटी अंथरली, तिच्यावर बसला. रहीमभाईनं मुद्दाम चहात मीठ टाकलं, तो चहा प्याला. गाव म्हने, सुटलो बा. मले भेव वाटलं.

एका सांजेले त्याच्या पायरीवर जाऊन बसलो. माह्या सुनेनं पाठवलेलं ताट तसंच पडलं होतं, भाकरीवर मुंग्या.

"काहून रे बापू, इचारत नाई आता काई?"

त्यानं भाकरीकडं पाह्यलं. मंग म्हने, "मामा, सुनंदा जेवताना अर्धी भाकर ताटातच सोडू लागली होती. मी तवाच पकडलं. म्हनलं, कोनाले इचारून? ती हासली. म्हने, मीच मंजूर केलं."

"मंग?"

"मंग काय. मंजुरी होती ना. मी प्रकरन बंद केलं."

मी भाकरीवरच्या मुंग्या झटकू लागलो.

"आता जग हलू द्या मामा," तो म्हने. "मले पाह्यचं नाई."

"जेव," मी म्हनलो. तो जेवला नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाव्याकडं गेलो. म्हनलं, मिशी साफ कर. त्याचा वस्तरा हवेतच थांबला. "आबाजी, सगळी?"

"सगळी."

उघड्या ओठाले गार वारं झोंबत होतं. रस्त्यानं पोट्टे हासले. तसाच देवानंदच्या फाटकापुढं जाऊन उभा राह्यलो, पायरीवर बसलेला तो मान वर करेपर्यंत हलाचं नाई असं ठरवून.