खैरवळच्या मतदारांची गाडी

कपाटावरून गावी न्यायची बॅग खाली काढताना अक्षदाने वैभवला विचारलं, "तू मत कुणाला देणार?"

"लवूकाकांना. हा काय प्रश्न झाला?"

"आणि मी हितूदादाला. म्हणजे तुझं एक तिकडे, माझं एक इकडे. कटाप. मग आपण रात्रभर बसमध्ये बसून जायचं कशाला?"

वैभव परब विमा कंपनीत कारकून होता. हिशेब बरोबर असला की त्याला वाद घालता येत नसे.

खैरवळ हे तळकोकणातलं गाव. त्याचे निम्म्याहून जास्त मतदार मात्र लालबागमधल्या एका चाळीत आणि तिच्या आसपास राहत. आजोबा गिरणीत आले, गिरणी गेली, नातवंडं कुरिअरमध्ये आणि मॉलमध्ये लागली, पण मतदारयादीतलं नाव गावचं गावालाच राहिलं. नाव काढलं की घरावरचा हक्क जातो, अशी प्रत्येकाची ठाम समजूत होती आणि एकाही वकिलाला ती घालवता आली नव्हती. त्यामुळे पालिकेच्या निवडणुकीला उमेदवार चाळीत येत, म्हाताऱ्यांच्या पाया पडत, जिन्याला नवीन कठडा कबूल करत. चाळ त्यांना चहा पाजून प्रेमाने निरोप देई. मत देणं तिच्या हातात नव्हतं.

याउलट खैरवळच्या सरपंचपदाचा प्रचार लालबागला होई. या खेपेला वरच्या वाडीचे लवू परब आणि खालच्या वाडीचा हितेंद्र घाडी असे दोघे समोरासमोर होते. लवूकाका विद्यमान सरपंच आणि वैभवचे चुलते, तर हितेंद्र अक्षदाचा चुलतभाऊ. दोघांनी अर्ज भरले आणि लगेच मुंबई गाठली. अर्ज मागे घ्यायच्या दिवशीसुद्धा दोघे चाळीतच होते. एक पहिल्या मजल्यावर वडे खात होता, दुसरा तिसऱ्या. दोघांचं आश्वासनही एकच होतं, गावच्या वेशीवर भव्य कमान. गणपतीला गाडीने जाताना कमानीखालून जायला मिळावं, ही चाळीची फार दिवसांची हौस होती. कमान कुठल्या वाडीच्या अंगाला उभारायची, एवढाच काय तो मतभेद.

मतदानासाठी मुंबईहून एकच गाडी जायची. ती भरून न्यायचं काम वैभवचं. हे काम त्याने अंगावर घेण्याला कारण होतं. त्याचं गावचं घर वर्षभर बंद असे आणि चावी लवूकाकांच्या स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेली असे. गणपतीच्या आधी रमाबाईकाकी ते घर उघडून, झाडून, सारवून ठेवत. वैभवमुळे काका पडले, तर ती चावी खुंटीवर राहणार की अंगणात येऊन पडणार, याचा विचार करायची त्याची हिंमत नव्हती.

"मी काकांना शब्द दिलाय," तो म्हणाला.

"काकांचं एक मत कमी होतंय का? नाही ना?" अक्षदा म्हणाली. "मग शब्द कुठे मोडला?"

अक्षदा लालबागच्या एका मसाल्याच्या गिरणीत काउंटर सांभाळायची. मे महिन्यातला रविवार म्हणजे मिरचीची पोती आणि बायकांची रांग. तिला रजा नको होती. दुसऱ्या दिवशी मालवणी मसाला कुटायला आलेल्या शेजारणीला तिने हा हिशेब सांगितला. शेजारणीच्या घरी नवरा वरच्या वाडीचा, ती खालच्या. संध्याकाळपर्यंत चाळीतल्या झाडून सगळ्या मिश्र जोडप्यांनी बॅगा परत कपाटावर ठेवल्या होत्या.

मग एकेकट्यांची पाळी आली. चंदू परबाला सुट्टी नव्हती, स्वप्नील घाडीला घाटात उलट्या होत. एकटा चंदू राहिला तर काकांचं मत बुडणार, म्हणून वैभवने दोघांना समोरासमोर बसवलं. अडचण एकच होती, विश्वासाची. नळावरच्या भांडणापासून ते दोघे बोलत नव्हते.

"मी राहीन, पण हा रात्रीतून कोकणकन्या पकडेल," चंदू म्हणाला.

"तुझ्यासारखा आहे का मी? रविवारी सकाळी ये माझ्याकडे, बस समोर."

"येतो ना. चहा मात्र पाहिजे."

तिथून नियमच पडला. जोडीने रविवारभर एकमेकांच्या नजरेसमोर राहायचं. वैभव जोड्या जुळवत गेला आणि दर जोडीगणिक गाडीतल्या दोन जागा रिकाम्या होत गेल्या. शेवटी फक्त कमळाबाई उरल्या. त्या कुणाच्याच बाजूच्या नव्हत्या, म्हणून त्यांना जोड मिळेना. त्यांना बहिणीला भेटायचं होतं आणि गाडी तर ठरलेलीच होती. शनिवारी संध्याकाळी पन्नास जणांच्या गाडीत कमळाबाई, त्यांची पिशवी आणि ड्रायव्हर असे निघाले.

थोड्याच वेळात लवूकाकांचा फोन आला. "गाडी सुटली काय रे?"

"सुटली, काका." हे खरं होतं.

"भरली मा?"

"कमळाबाई बसल्यात."

"ती इली म्हणजे सगळी इली," काका म्हणाले आणि निर्धास्त झोपले. कमळाबाई दर वेळी गाडीत सगळ्यांत शेवटी चढत.

रविवारी चाळीत कधी नव्हे इतका सलोखा होता. चंदू आणि स्वप्नील कॅरम खेळले, जेवले, आणि चंदू केस कापायला गेला तेव्हा स्वप्नील बाकावर पेपर वाचत बसला. संध्याकाळी मतदान संपलं तरी दोघे उठले नाहीत. एक बोर्ड बाकी होता.

मोजणीच्या दिवशी दुपारी निकाल आला. लवू परब आणि हितेंद्र घाडी दोघेही पडले होते. खैरवळच्या सरपंच म्हणून रमाबाई लवू परब निवडून आल्या होत्या.

झालं होतं ते असं. आपला अर्ज बाद झालाच तर हाताशी असावा म्हणून लवूकाकांनी बायकोचा डमी अर्ज भरला होता. तो मागे घ्यायच्या दिवशी ते लालबागला वडे खात होते. रमाबाईंना निशाणी मिळाली बादली. गावात राहणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या आणि त्यांना कमान नको होती, वरच्या वाडीपर्यंत नळ हवा होता. दर वेळी मुंबईची गाडी येऊन त्यांना मोडीत काढायची. या वेळी गाडीतून कमळाबाई उतरल्या आणि बहिणीबरोबर जाऊन त्यांनीही बादलीच दाबली.

वैभवचा फोन वाजला. काकांचा नंबर पाहून त्याने तो अक्षदापुढे धरला. तिने हिरवं बटण दाबून त्याच्याच कानाला लावला. पलीकडे रमाबाईकाकी होत्या.

"काकी, अभिनंदन," वैभव चाचरत म्हणाला. "काका... काका कसे आहेत?"

"बरे आसत. कळशी घेवन पाणी हाडूक गेलेत."

चावीचं विचारायला त्याची जीभ रेटेना. ते काकींनीच ओळखलं.

"चावी खुंटयेकच आसा. घर मी झाडून ठेवतंय," त्या म्हणाल्या. "गणपतीक सगळी येवा. मतदानाक मात्र येव नकात."