पेटंट गोळ्यांचा आग्रह

नळदुर्गच्या धोंडप्पांनी सकाळीच बायकोला, म्हाळसाबाईंना, बजावलं, "आज मी चिडलो, तर नाव धोंडप्पा लावणार न्हाय!"

एवढी छाती फुगली होती ती उमरग्याच्या डॉक्टरांकडून आणलेल्या नव्या पेटंट औषधांच्या जोरावर. गुडघेदुखीची, पोटाची आणि डोकं थंड ठेवणारी, अशा तीन तऱ्हेच्या गोळ्या. तिन्ही पांढऱ्या! धोंडप्पांनी पाकिटं फेकून त्या एकाच डबीत भरल्या. गुडघा, पोट आणि डोकं एकाच माणसाचं, मग डब्या तीन कशाला?

लेक गौराचं जमत आलेलं लग्न बापाच्या रागापायी दोनदा मोडलं होतं. आज उमरग्याचे गुंडप्पा बायकोसह बोलणी करायला आले होते. त्यांचा मुलगा गौराला मनापासून आवडला होता, आणि हेही हुकलं तर पोरीला तोंड कसं दाखवायचं, या विचारानं धोंडप्पांचा जीव टांगणीला लागला होता.

जेवणं झाली. बायका आत गेल्या आणि गुंडप्पा म्हणाले, "लग्न आमच्या दारात!"

"लग्न मुलीच्या दारात व्हतंय!" धोंडप्पांचा आवाज चढला. झालं, आता तिसरंही मोडणार! तेवढ्यात गुंडप्पांनी पोट धरलं. पुरणपोळ्या अंमळ जास्तच झाल्या होत्या.

धोंडप्पांनी लगबगीनं डबी पुढं केली. "घ्या, पेटंट गोळी!"

"पाहुण्यानं एकट्यानंच खायची? तुमी घेतल्याबिगर आमी न्हाय घेत."

"ही बघा घेतली! आता तुमी."

"ढेकर काय येईना बगा."

"मग आणखी एक! आमच्या घरी एकावर कुणी थांबत न्हाय."

"मग तुमी बी!"

पंगतीत जिलबीचा व्हावा तसा आग्रह रंगला. कुणी कुणाला कोणती गोळी दिली, देव जाणे! हळूहळू दोघांचेही आवाज मवाळ झाले.

"लग्न तुमच्याच दारात, पाहुणं..."

"न्हाय हो... तुमच्याच..."

आणि दोघंही एकाच तक्क्यावर आडवे झाले.

दिवेलागणीला धोंडप्पांना जाग आली. घरात साखर वाटली जात होती. गौरा दाराआड उभी राहून हसत होती. किती दिवसांनी हसत होती पोर! धोंडप्पांना भरून आलं, पण सवय कुठली जायला?

"लग्न ठरवलं? पोरीच्या बापाला न इचारता?"

"इचारलं की!" म्हाळसाबाई साखर त्यांच्या हातावर ठेवत म्हणाल्या. "विहीणबाईंनी अन् म्या तुमच्या कानाशी येऊन इचारलं, लग्न नळदुर्गातच करायचं ना? तुमी दोघं एकदमच घोरलात. आमी व्हय धरलं!"