दहावी ‘ब’चे चार ग्रुप

रविवारी सकाळी मुरमुऱ्याच्या सुशल्याची बशी पुढ्यात आणि फोन हातात घेऊन श्रीशैल सरांनी दहावी ‘ब’ची चार ठिकाणी वाटणी केली.

हदगावच्या त्या हायस्कुलात सरांचा एक सिद्धान्त प्रसिद्ध होता. पोरं चारच प्रकारची असतात. प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणारी ती ‘पुढची’. तोंडाला कुलूप नसलेली ती ‘बोलघेवडी’. अंगानं वर्गात अन् मनानं बसस्टँडवर असलेली ती ‘खिडकीची’. आणि ज्यांच्यापुढे खुद्द सरांनी हात टेकले, ती ‘भगवान भरोसे’. तर सरांनी पालकांचे चार व्हॉट्सअॅप ग्रुप केले आणि त्यांना हीच नावं दिली. जसजसं एकेक पोरगं डोळ्यापुढे आलं, तसतसा त्याच्या घरचा नंबर त्या त्या ग्रुपात पडत गेला.

“अहो, नावं जरा बरी ठेवा की,” त्यांची बायको नीलम्मा म्हणाली.

“अगं, ती मलाच दिसतात. घरमालकाला मी ‘कटकट’ नावानं सेव्ह केलंय, त्याला दिसतंय का?”

नीलम्माला हे पटलं. त्या घरात फोनचं ज्ञान दोघांचंही सारखंच होतं.

बशी रिकामी व्हायच्या आत फोन वाजला. बाजारातले कापड दुकानदार शिवप्पा बोलत होते. “सर, माझं पोरगं कसं हाय ते मला ठावं हाय. पण ग्रुपात तुम्ही घातलंय मला. मग भगवान भरोसे मी हाय का शिवांश?”

सरांच्या घशात मुरमुरा अडकला.

तोवर बाकीच्या ग्रुपांतही कालवा सुरू झाला होता. ‘पुढची’मध्ये सरांनी अजून काही विचारलंच नव्हतं, तरी तिघा पालकांनी ‘हो सर’ लिहून टाकलं होतं. ‘बोलघेवडी’मध्ये प्रेमची आई सरजाबाई, “माझं लेकरू बोलघेवडं न्हाई,” हे आवाज रेकॉर्ड करकरून दुपारपर्यंत सांगत राहिली. ‘खिडकीची’मधल्या एकाही पालकानं अजून फोन बघितला नव्हता. सिद्धान्त खानदानी निघाला म्हणून सरांना एवढ्या आकांतातही जरा बरं वाटलं.

मग त्यांनी घाईघाईनं नावं बदलली. गुलाब, मोगरा, शेवंती, झेंडू. लगेच शिवप्पांचा फोन. “झेंडू? म्हणजे दसरा झाला की उकिरड्यावर का सर?” मग सरांनी चारी ग्रुप मोडून एकच मोठा केला. तोवर ज्यांना फक्त आपलाच ग्रुप ठाऊक होता, ते आता एकमेकांना विचारायला लागले, “तुमी कुठल्यात होते?” झालं, आगीत तेल पडलं.

सोमवारी मुख्याध्यापक मन्मथ सरांनी बोलावून घेतलं. “शनिवारी पालकांची बैठक घ्या. एक जरी लेखी तक्रार आली, तर दहावी काढून घेतो अन् पाचवीला धाडतो. मग बसा पाढे म्हणवून घेत.”

दहावीवर सरांचा जीव होता. निकालाच्या दिवशी पेढा घेऊन घरी येणारी पोरं, हीच त्यांची आयुष्याची कमाई. तो आठवडा त्यांना जेवण गोड लागलं नाही.

शनिवारी पालक जमले. सर हात जोडून म्हणाले, “चुकलं माझं.” शिवप्पा उठले.

“सर, मी घरी जाऊन शांतपणे इचार केला. म्या बी शाळेत असाच होतो. माझ्या मास्तरानं मला बदडलं, तुम्ही निदान देवावर तरी सोडलं. माझी तक्रार न्हाई.”

सरजाबाईंचीही तक्रार नव्हती. तक्रार नाही, हे त्यांनी पुष्कळ वेळ सांगितलं. ‘खिडकीची’चे पालक आले, तेव्हा बैठक संपली होती.

सरांचा जीव भांड्यात पडला. ते खुर्च्या सरकवत होते, तेवढ्यात दारात एसटी कंडक्टरच्या खाकी शर्टातला एक माणूस दिसला.

“जय भीम सर. मी आनंदराज. लुंबिनीचा बाप.”

“जय भीम, या या. तुम्ही कोणत्या ग्रुपात होता?” सरांनी भीत भीत विचारलं.

“कोणत्याच न्हाई. गाडीत रोज पालक भेटतेत, चारी ग्रुपांतले फोन बघितले. माझा नंबर कुठंच न्हाई. हरवला असंल तर द्यावा म्हणून आलो.”

सरांनी फोन काढला. नंबर होता. जूनमध्येच सेव्ह केलेला, ‘लुंबिनी पालक’.

“कशी हाय सर पोरगी?”

सरांनी चेहरा आठवून पाहिला. दोन वेण्या आठवल्या. पण दोन वेण्या तर सगळ्याच पोरींना होत्या. “चांगली आहे,” ते म्हणाले.

“हाव,” आनंदराज म्हणाला. “घरी म्हणून राहिली, बाबा, मी भगवान भरोसेत असते तरी चाललं असतं.”

 सरांनी स्वतःच विचारलं, “तक्रार लिहून देता का?”

“न्हाई सर. काय म्हणून लिहू?”

सोमवारी सर वर्गात आले. हजेरीही घेतली नाही. “जे कोणत्याच ग्रुपात नव्हते, ते उभे राहा.”

मधल्या बाकावरची लुंबिनी उभी राहिली. मग तिच्या शेजारची. मग भिंतीकडचे दोघं. बाकांची करकर थांबेचना. शिवांश आणि प्रेम बसल्या जागी मान वळवून बघायला लागले. बघता बघता निम्मा वर्ग उभा होता. ही पोरं हात वर करत नव्हती, बोलत नव्हती, खिडकीबाहेरही बघत नव्हती. इतके महिने ती सरांकडेच बघत होती. सरांना लाज वाटली.

तेवढ्यात मन्मथ सर हसत दारात आले. “श्रीशैल सर, एक बी तक्रार न्हाई! दहावी तुमच्याकडंच राहिली.”

“अर्धीच होती सर माझ्याकडं,” श्रीशैल सर म्हणाले. मग खडू खाली ठेवून ते सगळ्यात आधी उभ्या राहिलेल्या पोरीजवळ गेले आणि तिच्या वहीवरचं नाव वाचलं. “लुंबिनी, बाळा, तुझं नाव तेवढं मला कळलंय. बाकीचं सांग.”

लुंबिनी आधी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग बोलायला लागली. घंटा झाली तरी तिचं सांगणं संपलं नव्हतं, आणि निम्मा वर्ग अजून उभाच होता.