हबीबभाई आणि तहानलेलं झाड

डिसेंबर लागला की आमच्या गल्लीतले हबीबभाई लोकांच्या अंगणातले नळ बंद करत फिरतात. विचारत नाहीत. फाटक उघडतात, नळ गच्च पिळतात, त्यावर जुन्या लुंगीची चिंधी बांधतात आणि निघून जातात. चिंधी दिसली की समजायचं, आपल्या झाडांचा ताण सुरू झाला.

नातवंडांनो, तुम्ही तिकडे परदेशात बर्फ उपसता त्या दिवसांत इथे संत्र्याचं पाणी तोडतात. महिना-दीड महिना झाड तहानलेलं ठेवायचं, पानं मलूल झाली की जानेवारीत भरपूर पाणी द्यायचं. मग झाड फुलतं. याला ताण देणं म्हणतात. हबीबभाईंची चांदूर बाजारजवळ संत्र्याची बाग होती. ती गेल्यावर ते इथे राजापेठेत मुलाकडे राहायला आले. सवय सोबत आली.

त्यांच्या मते झाड बिघडतं ते लाडाने. "पोट भरलेलं झाड काऊन फुलंन, बाई?" हा त्यांचा ठरलेला सवाल. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून सगळ्या गल्लीची मी बाई. समोरच्या दातांच्या दवाखान्यातल्या मनीप्लांटलाही त्यांनी ताण दिला. तो वाळला. शहरातलं झाड, त्यात दम नाई, एवढंच म्हणाले. तुळशीला मात्र हात लावत नाहीत. तिचं तुमचं तुमी पाहा, म्हणतात.

हिवाळ्यातल्या कामांचा तक्ता मी स्वयंपाकघराच्या दाराला लावते. गुलाबाची छाटणी, मेथी-सांबार पेरणे, शेवंतीला काठ्या, संत्र्याच्या खोडाला चुना-मोरचूद. (सांबार म्हणजे कोथिंबीर, हे तुमच्या आईला विचारू नका, ती पुण्याची.) हबीबभाई चष्मा लावून तक्ता वाचतात आणि छाटणी तारखेच्या आदल्या दिवशी उरकून टाकतात. तारीख झाडाले विचारली होती का, म्हणतात.

आमच्या अंगणात संत्र्याचं झाड एकच. बाग तोडली तेव्हा तिथल्या झाडाचा डोळा काढून त्यांनीच कलम बांधलं आणि मुलाचा फ्लॅट असल्याने माझ्याकडे लावलं. पाचव्या वर्षी फुलायला हवं होतं. नववं लागलं तरी एक फूल नव्हतं. दोष कधी मातीला, कधी माझ्या सांडपाण्याला. गेल्या वर्षी म्हणाले, "अजून एक साल पाहू. नाई तर तोडून टाका, बाई. वांगे लावा." हे सांगताना झाडाकडे पाठ होती.

त्याच डिसेंबरात एका सकाळी दूध घ्यायला मी बाहेर आले. हबीबभाई झाडापाशी वाकून घरून आणलेली बादली ओतत होते. नळावर त्यांचीच चिंधी जागच्या जागी.

"हा कसला ताण, हबीबभाई?"

त्यांनी बादली खाली ठेवली आणि सांगितलं. पाऊस बुडाला त्या साली नेहमीसारखं बागेचं पाणी तोडलं. पानं गळायला लागली तशी जानेवारीत मोटर सुरू केली. विहिरीतून गाळ आला, मग तोही आला नाही. टँकर पुरले नाहीत. उन्हाळ्याआधी कुऱ्हाड लावावी लागली.

"पानी विहिरीनं तोडलं, बाई. पन झाडाईले काय मालूम? त्याईले वाटलं असंन, मीच पाजून नाई राह्यलो."

लोकांची झाडं तहानलेली राहिली तर त्यांना चालायचं. हे त्या बागेतलं होतं; याला दर हिवाळ्यात गुपचूप बादली मिळत आली होती.

मी त्यांना मागच्या अंगणात नेलं आणि सिमेंटच्या टाकीचं झाकण काढलं. टाकी काठोकाठ भरलेली होती. हे पाणी फक्त या झाडाचं, जानेवारीपर्यंत घरातलं कोणी यात तांब्या बुडवणार नाही, असं सांगितलं. तक्त्यावर तसं लिहिलंही.

मग रोज सकाळी ते यायचे आणि झाडाकडे न बघता सरळ मागे जायचे. झाकण उचलायचं, काठी बुडवायची, ओली खूण बघायची, झाकण नीट बसवून घरी. झाडाची पानं पिवळी पडली, गळू लागली. बादली पुन्हा आली नाही.

संक्रांत झाल्यावर आम्ही टाकी उपसून झाडाला घातली. फेब्रुवारीत झाड पांढरं झालं, वास गल्लीभर पसरला. दातांचे डॉक्टरही बघायला आले. हबीबभाईंनी त्यांना नवा मनीप्लांट आणायला सांगितलं.

सगळे गेले. मी पलीकडे सांबार खुडत होते. खोडावर हात ठेवून ते हळूच म्हणाले, "पाह्य, होतं न पानी."